परदेशात फोन कसा चालवायचा? रोमिंग, ई-सिम, ओटीपी आणि भारतातला नंबर जिवंत ठेवण्याचे नियम

मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेलेले आई-बाबा सहा महिन्यांनी पुण्याला परततात. तिकडचं सिम काढून, पाकिटात जपून ठेवलेलं भारतातलं सिम फोनमध्ये घालतात. रेंज येत नाही. दुकानात चौकशी केल्यावर कळतं की नंबर केव्हाच बंद झालाय. बँकेचा ओटीपी, पेन्शनच्या खात्याचे मेसेज, गॅसचं बुकिंग, आधार, सगळं त्याच नंबराला जोडलेलं. मग सुरू होतात बँकेच्या फेऱ्या.

परदेशात फोन वापरायचा म्हटलं की सगळ्यांना आधी बिलाची भीती वाटते. ती खरीही आहे. पण बिल एकदा भरलं की विषय संपतो. नंबर हातचा गेला, तर महिनोन्महिने निस्तरावं लागतं.

म्हणून परदेशात फोन कसा चालतो, रोमिंग घ्यावं की तिथलं सिम, कोणत्या देशात काय अडतं आणि भारतातला नंबर कसा सांभाळायचा, हे निघण्याआधीच समजून घेतलेलं बरं.

रोमिंगमध्ये नेमकं काय होतं?

तुमच्या सिममध्ये एक ओळख क्रमांक असतो. त्याचे पहिले तीन आकडे देश सांगतात. भारतीय सिमसाठी ते ४०४ किंवा ४०५ असतात. बँकॉकच्या विमानतळावर तुम्ही फ्लाइट मोड काढला की फोन तिथल्या टॉवरला हा क्रमांक सांगतो. तिथली कंपनी ओळखते की हा ग्राहक भारतातला आहे. ती भारतातल्या कंपनीकडे विचारणा करते: हा ग्राहक तुमचाच का, याला परदेशात सेवा द्यायची का? उत्तर ‘हो’ आलं तर फोनवर रेंज दिसते. हे सगळं काही सेकंदांत होतं.

तुम्ही तिथे जे वापरता त्याचे पैसे तिथली कंपनी भारतातल्या कंपनीकडे मागते आणि ती तुमच्याकडून घेते. म्हणजे दोन कंपन्यांमध्ये करार असेल आणि तुमच्या नंबरवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू असेल, तरच फोन चालतो. यातली एकही गोष्ट नसेल तर कितीही महागडा फोन असला तरी ‘नो सर्व्हिस’ दिसतं.

आता एक गंमत. बँकॉकच्या एकाच हॉटेलात उतरलेले दोन मित्र भारतीय नंबरवरून एकमेकांना साधा कॉल करतात. एकाची खोली तिसऱ्या मजल्यावर, दुसऱ्याची पाचव्या. पण कॉल बँकॉकहून भारतात येतो आणि भारतातून पुन्हा बँकॉकला जातो. फोन लावणाऱ्याला भारतात आंतरराष्ट्रीय कॉल केल्याचे पैसे लागतात आणि उचलणाऱ्याला रोमिंगमध्ये कॉल घेतल्याचे. पॅक नसेल तर ‘जेवायला खाली ये’ एवढं सांगणंही महाग पडतं.

तसंच, भारतातून तुम्हाला कुणी फोन केला तर त्याला नेहमीचाच खर्च येतो. तुम्ही परदेशात आहात हे त्याला माहीतही नसतं. भारतापासून तुमच्यापर्यंतच्या प्रवासाचे पैसे तुमच्याकडून घेतले जातात.

मूळ सूत्र: नंबर भारताचा, इंटरनेट तिथलं

आपण फोनकडून दोन वेगवेगळी कामं करून घेतो. एक काम ओळखीचं: बँकेचा ओटीपी येणं, यूपीआय चालणं, घरच्यांना आपला नंबर लागणं. दुसरं काम इंटरनेटचं: व्हॉट्सॲप, नकाशा, टॅक्सी, फोटो पाठवणं.

ओळखीचं काम फक्त भारतातला नंबर करू शकतो. इंटरनेट मात्र कुठूनही घेता येतं. म्हणून दोन सिम चालणाऱ्या फोनमध्ये सोपी व्यवस्था अशी: भारतातलं सिम फोनमध्येच राहू द्या, त्यावर रोमिंग सुरू ठेवा, पण त्याचा डेटा बंद करा. इंटरनेटसाठी दुसरं सिम किंवा ई-सिम वापरा.

येणाऱ्या एसएमएसचे पैसे भारतातल्या कंपन्या रोमिंगमध्ये सहसा घेत नाहीत. त्यामुळे ओटीपी येत राहतात. कॉल आला आणि तो उचलला नाही, तर त्याचेही सहसा पैसे लागत नाहीत. नंतर व्हॉट्सॲपवरून बोलता येतं. तरीही तुमच्या प्लॅनमध्ये नेमके काय दर आहेत आणि पॅक न घेता एसएमएस येतील का, हे कंपनीच्या ॲपवर आधीच पाहून घ्या.

फोनच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी तपासा. भारतीय सिमपुढचं ‘डेटा रोमिंग’ बंद हवं. आणि एका सिमची रेंज गेली की आपोआप दुसऱ्या सिमचा डेटा वापरण्याची सोय काही फोनमध्ये असते, तीही बंद हवी. ही दुसरी सोय अनेकांना माहीत नसते आणि बिल तिथूनच फुगतं.

इंटरनेट कुठून घ्यायचं? तीन मार्ग

रोमिंग पॅक. भारतातल्या कंपनीकडूनच देश आणि दिवस निवडून पॅक घ्यायचा. विमानातून उतरल्यावर काही करावं लागत नाही, नंबर तोच राहतो आणि कॉलही त्यात येतात. तीन-चार दिवसांची सहल, कामाचा दौरा किंवा फोनच्या सेटिंगशी फारशी ओळख नसलेल्या ज्येष्ठांसाठी हा सर्वांत निर्धोक मार्ग. पॅक कधी सुरू होतो आणि कोणत्या देशांत चालतो, हे मात्र नीट वाचा. वाटेत दुबई किंवा दोहाला विमान बदलायचं असेल आणि तो देश पॅकमध्ये नसेल, तर तिथे डेटा बंद ठेवा.

तिथलं सिम. विमानतळावरच्या काउंटरवर किंवा गावातल्या दुकानात पासपोर्ट दाखवून प्रवाशांसाठीचं सिम मिळतं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहायचं असेल, इंटरनेट भरपूर लागत असेल किंवा तिथल्या लोकांना साधे कॉल करायचे असतील तर हे स्वस्त पडतं. विमानतळापेक्षा शहरात दर कमी असू शकतात. पण रात्री अकराला अनोळखी शहरात उतरून टॅक्सी शोधायची असेल तर विमानतळावरच घेतलेलं बरं.

ई-सिम. यात प्लास्टिकचं सिम नसतं. क्यूआर कोड स्कॅन केला किंवा ॲपमधून सूचना पाळल्या की फोनमधल्याच चिपमध्ये नवं कनेक्शन उतरतं. भारतीय सिम खाचेत तसंच राहतं, त्यामुळे वर सांगितलेल्या सूत्राला हा मार्ग चपखल बसतो. प्रवाशांसाठीची बरीचशी ई-सिम फक्त डेटाची असतात. त्यांना फोन नंबर नसतो, साधे कॉल होत नाहीत. भारतात परदेशी सिम विकायला दूरसंचार विभागाची परवानगी लागते, त्यामुळे कुठल्याही अनोळखी वेबसाइटला पैसे आणि पासपोर्टचा फोटो देऊ नका.

तुमचा फोन ई-सिम घेतो का हे पाहायला डायल पॅडवर *#०६# दाबा. आयएमईआय क्रमांकासोबत ईआयडी नावाचा ३२ आकडी क्रमांक दिसला तर फोनमध्ये ई-सिमची सोय आहे. तो ई-सिम भारतातच घरच्या वाय-फायवर उतरवून ठेवा. उतरवायला इंटरनेट लागतं आणि परदेशात नेमकं तेच आपल्याकडे नसतं.

ई-सिमच्या बाबतीत महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांना लागू पडणारी आणखी एक गोष्ट. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ आणि त्यानंतरच्या आयफोनना सिमची खाचच नाही. तिकडून भाच्याने असा फोन भेट आणला तर आपलं प्लास्टिकचं सिम त्यात बसत नाही. कंपनीकडून ते ई-सिममध्ये बदलून घ्यावं लागतं. हा बदल प्रवासाच्या आदल्या दिवशी करू नका. सिम बदलल्यावर फसवणूक टाळण्यासाठी २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात, म्हणजे त्या काळात ओटीपी येत नाहीत.

फोनच तिथे चालला नाही तर?

आजोबांचा बटणांचा जुना फोन भारतात उत्तम चालतो, कारण आपल्याकडे टूजी अजून सुरू आहे. अनेक देशांनी ते बंद केलं आहे. सिंगापूरने २०१७ मध्ये टूजी बंद केलं. जपानमध्ये आपल्या पद्धतीचं टूजी कधी नव्हतंच. अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं. ऑस्ट्रेलियात २०२४ च्या अखेरीस थ्रीजी बंद झालं.

याचा परिणाम स्मार्टफोनवरही होतो. जुनी जाळी गेल्यावर साधा कॉलही फोरजीवरून, म्हणजे व्होल्टी पद्धतीने करावा लागतो. फोनचं मॉडेल तिथल्या कंपनीच्या यादीत नसेल तर इंटरनेट चालतं, पण कॉल लागत नाही. ऑस्ट्रेलियात तर ज्या फोनवरून आपत्कालीन क्रमांकाला कॉल लागू शकत नाही, असे फोन नेटवर्कवर घेऊच नयेत असा नियम केला आहे. म्हणून अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियाला जास्त दिवसांसाठी जायचं असेल तर सिम घेण्याआधी तिथल्या कंपनीच्या वेबसाइटवर आयएमईआय क्रमांक टाकून फोन चालेल का ते बघा.

हप्त्यावर किंवा एखाद्या कंपनीच्या योजनेत घेतलेला परदेशी फोन ‘लॉक’ असू शकतो. त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही. तो आधी मोकळा करून घ्यावा लागतो.

देश बदलला की नियम बदलतात

युरोप: युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून रोमिंगचं वेगळं शुल्क रद्द झालं. त्यामुळे पॅरिसमध्ये घेतलेलं सिम जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया, नेदरलँड्समध्ये जादा पैसे न देता चालतं. संघाबाहेरच्या नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन या देशांनाही हा नियम लागू आहे. पण स्वित्झर्लंड आणि ब्रिटन त्यात नाहीत. आपल्याकडच्या युरोप टूरमध्ये स्वित्झर्लंड हमखास असतं, आणि गोंधळ तिथेच होतो. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे व्हिसा एकच पुरतो. सिमचं मात्र तसं नाही. माउंट टिटलिसवरून व्हिडिओ कॉल करायचा बेत असेल तर सिम किंवा ई-सिम घेतानाच ‘यात स्वित्झर्लंड आहे का’ हे विचारा. लंडनही टूरमध्ये असेल तर तेही विचारा.

संयुक्त अरब अमिराती: दुबई आणि अबू धाबीमध्ये व्हॉट्सॲपवर मेसेज, फोटो, आवाजी निरोप चालतात. व्हॉट्सॲपवरून व्हॉइस आणि व्हिडिओ कॉल मात्र तिथल्या इंटरनेटवर होत नाहीत. सरकारने परवानगी दिलेली कॉलिंग ॲप वापरावी लागतात. भारतातल्या घरच्यांच्या फोनवरही तेच ॲप लागतं, म्हणून ते निघण्याआधी दोन्हीकडे टाकून एकदा बोलून बघा. व्हीपीएन लावून बंदी चुकवण्याचा सल्ला अनेकजण देतात. पण तिथल्या कायद्यात व्हीपीएनच्या गैरवापराला जबर दंड आहे, त्यामुळे या वाटेला न गेलेलं बरं.

चीन: इथे व्हॉट्सॲप, गूगल, यूट्यूब, फेसबुक आणि इन्स्टाग्राम बंद आहेत. म्हणजे जीमेलही नाही आणि गूगलचा नकाशाही नाही. ग्वांगझू किंवा यीवूला माल बघायला जाणाऱ्या व्यापाऱ्यांना आणि तिबेटमार्गे कैलास-मानसरोवरला जाणाऱ्या यात्रेकरूंना याचा फटका बसतो. इथे रोमिंगचा एक फायदा मिळतो. रोमिंगमधलं इंटरनेट सहसा आधी आपल्या देशातल्या कंपनीकडे येतं आणि तिथून पुढे जातं. त्यामुळे चीनबाहेरच्या सिमवर रोमिंगमध्ये ही ॲप सहसा उघडतात, तर हॉटेलच्या वाय-फायवर किंवा चिनी सिमवर उघडत नाहीत. रोजचे पैसे देण्यासाठी लागणारी अलिपे किंवा वीचॅट पे ही ॲप भारतात असतानाच सुरू करून त्यांना कार्ड जोडून ठेवा. त्यासाठी पडताळणीचा मेसेज भारतातल्या नंबरवर येतो.

नेपाळ आणि भूतान: पशुपतिनाथाला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही. पण काठमांडूत फोन तसाच रोमिंगमध्ये जातो जसा लंडनमध्ये. ‘शेजारीच तर आहे’ म्हणून डेटा सुरू राहतो आणि शिल्लक संपते. सीमेलगतच्या गावांत तर भारतात असतानाही फोन पलीकडचा टॉवर पकडू शकतो. फोनवरचं घड्याळ अचानक १५ मिनिटं पुढे गेलेलं दिसलं तर समजा, फोनने नेपाळचं नेटवर्क धरलं आहे. अशा भागात नेटवर्कची निवड ‘ऑटोमॅटिक’ऐवजी स्वतः करावी.

क्रूझ आणि विमान: समुद्रात काही मैल आत गेल्यावर किनाऱ्यावरचे टॉवर संपतात. मोठ्या क्रूझ जहाजांवर उपग्रहाने जोडलेलं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं. फोन ते आपोआप पकडतो. नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये ते सहसा येत नाही आणि त्याचे दर फार चढे असतात. काही विमानांमध्येही असंच नेटवर्क असतं. जहाजावर फोन फ्लाइट मोडवर ठेवा आणि गरज असेल तर जहाजाचा वाय-फाय पॅक घ्या.

कॉल लावताना: अधिकचं चिन्ह आणि गाळायचा शून्य

परदेशातून भारतात फोन लावताना नंबरच्या आधी +९१ लागतं. मोबाइलवर शून्याचं बटण दाबून धरलं की अधिकचं चिन्ह येतं. हे चिन्ह ‘इथून बाहेरच्या देशात’ असं सांगतं आणि ते कुठल्याही देशातल्या मोबाइलवर चालतं. लँडलाइनवर मात्र देशागणिक वेगळे आकडे लावावे लागतात: बऱ्याच देशांत ००, अमेरिका आणि कॅनडात ०११, ऑस्ट्रेलियात ००११, जपानमध्ये ०१०.

आपल्या एसटीडी कोडमधला पहिला शून्य फक्त देशांतर्गत कॉलसाठी असतो. परदेशातून लावताना तो गाळायचा. मुंबईच्या लँडलाइनचा ०२२ म्हणजे +९१ २२, आणि पुण्याचा ०२० म्हणजे +९१ २०.

फोनमध्ये जतन केलेले बहुतेक नंबर नुसते दहा आकडी असतात. परदेशात ते तसेच लावले तर लागत नाहीत. किमान घरच्यांचे, डॉक्टरांचे, बँकेचे आणि टूर कंपनीचे नंबर +९१ लावून पुन्हा जतन करा. बँकांचे १८०० ने सुरू होणारे टोल फ्री नंबर परदेशातून सहसा लागत नाहीत. कार्ड हरवल्यावर हे कळण्यापेक्षा परदेशातून लावायचा बँकेचा वेगळा नंबर आधीच शोधून एका कागदावर लिहून ठेवा.

ओटीपी, यूपीआय आणि कार्ड

रिझर्व्ह बँकेच्या २०२० पासून लागू असलेल्या नियमांनुसार नवी कार्डं फक्त देशांतर्गत व्यवहारांसाठी सुरू असतात. परदेशातले व्यवहार ग्राहकाने स्वतः बँकेच्या ॲपमधून सुरू करावे लागतात. हे काम भारतात असतानाच करा. परदेशात ॲपने ओटीपी मागितला आणि तो आला नाही, तर खिशात कार्ड असूनही उपयोग नाही.

भूतान, नेपाळ, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, श्रीलंका, मॉरिशस, फ्रान्स, कतार अशा देशांत काही ठिकाणी यूपीआय चालतं. त्यासाठी ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय यूपीआय वेगळं सुरू करावं लागतं. सगळ्या दुकानांत ते चालेल असं समजू नका.

यूपीआयची नोंदणी फोन, सिम आणि बँक खातं या तिघांना एकत्र बांधते. नोंदणी करताना तुमच्या फोनमधून एक एसएमएस बँकेला जातो. म्हणून प्रवासाच्या तोंडावर नवा फोन घेणं, फोन रीसेट करणं किंवा यूपीआय ॲप काढून पुन्हा टाकणं टाळा.

व्हॉट्सॲपचं काय? दुसऱ्या सिमचं इंटरनेट वापरलं तरी व्हॉट्सॲप जुन्याच नंबरवर चालू राहतं. ॲपने ‘नंबर बदलायचा का’ विचारलं तर ‘नाही’ म्हणा. शिवाय, ज्या सिमवर खातं आहे ते सिम फोनमध्ये असेल तरच मेसेजिंग ॲप चालावं, असे निर्देश दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपन्यांना दिले आहेत. भारतातलं सिम फोनमधून न काढण्याचं हे आणखी एक कारण.

सहा महिन्यांसाठी जाताय? मग हे नक्की वाचा

आता सुरुवातीच्या आई-बाबांकडे येऊ. त्यांचा नंबर का बंद झाला?

दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्रायच्या २०१३ च्या नियमांनुसार प्रीपेड नंबर सलग ९० दिवस अजिबात वापरला गेला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील तर मात्र तो त्या कारणाने बंद करता येत नाही. त्याशिवाय प्लॅनची मुदत हा वेगळा मुद्दा आहे. रिचार्जची मुदत संपली की आधी जाणारे कॉल थांबतात, काही काळाने येणारे कॉल आणि एसएमएसही थांबतात. पाकिटात ठेवलेलं सिम या दोन्ही अटींत सापडतं: वापरही नाही आणि रिचार्जही नाही.

बंद झालेला नंबर कायम रिकामा राहत नाही. तो किमान ९० दिवस कोणालाच दिला जात नाही, असं ट्रायने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं. त्यानंतर तो दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. मग तुमच्या बँकेचे मेसेज एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ लागतात. पासवर्ड बदलण्याचे ओटीपीसुद्धा. यात त्या नव्या ग्राहकाची काही चूक नसते. त्याने रीतसर सिम घेतलेलं असतं.

यावरचे उपाय सोपे आहेत.

जाण्याआधी वर्षभराच्या मुदतीचं रिचार्ज करा. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन द्यायला कंपन्यांना सांगितलं आणि अशा प्लॅनची कमाल मुदत ३६५ दिवस केली. परदेशात भारतीय सिमवर इंटरनेट लागतच नाही, त्यामुळे हा प्लॅन पुरतो आणि स्वस्तही पडतो.

आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या आणि सिम फोनमध्येच ठेवा. महिन्यातून एकदा तरी भारतात एक एसएमएस पाठवा किंवा छोटा कॉल करा. त्याचे थोडे पैसे लागतील, पण नंबर वापरात असल्याची नोंद होईल.

कंपनीच्या ॲपचा पासवर्ड भारतातल्या मुलाला, भावाला किंवा शेजाऱ्याला माहीत असू द्या. मुदत संपत आली तर तो तिथूनही रिचार्ज करू शकतो.

कायमचं परदेशात गेलेल्यांसाठी आणखी एक सोय आहे. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, हाँगकाँग, ओमान, कतार, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती या दहा देशांतल्या मोबाइल नंबरवर अनिवासी भारतीयांना आपल्या एनआरई किंवा एनआरओ खात्यावरून यूपीआय वापरण्याची मुभा २०२३ मध्ये देण्यात आली. तुमची बँक ही सोय देते का हे तिच्याकडे विचारावं लागतं.

संकटात कोणता नंबर?

युरोपीय संघात ११२ हा एकच आपत्कालीन क्रमांक आहे. अमेरिका आणि कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००. जपानमध्ये पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिका व आगीसाठी ११९. सिंगापूरमध्ये पोलीस ९९९, रुग्णवाहिका ९९५. संयुक्त अरब अमिरातीत पोलीस ९९९, रुग्णवाहिका ९९८. थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे. आपत्कालीन कॉलसाठी शिल्लक किंवा पॅक लागत नाही.

फोन चोरीला गेला तर सगळ्यात आधी भारतातल्या घरच्यांकरवी सिम बंद करून घ्या आणि बँकेला कळवा. पासपोर्टही गेला असेल तर स्थानिक पोलिसांत तक्रार करून भारतीय दूतावासाशी संपर्क साधा. पण हे नंबर फोनमध्येच असतील तर फोन गेल्यावर काय करणार? म्हणून पासपोर्टची प्रत, दूतावासाचा पत्ता, दोन घरचे नंबर आणि हॉटेलचं नाव एका कागदावर लिहून पैशांच्या पाकिटापासून वेगळं ठेवा.

भारतात राहिलेल्यांनीही सावध राहायला हवं. ‘तुमचा मुलगा परदेशात पोलिसांच्या ताब्यात आहे, लगेच पैसे पाठवा’ असे फोन येतात. परदेशातून करून +९१ चा नंबर दाखवणारे बनावट कॉल अडवण्यासाठी दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये एक यंत्रणा सुरू केली. पण तेवढ्यावर विसंबू नका. घरातल्या सगळ्यांनी मिळून एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा. असा फोन आला तर तो शब्द विचारा.

घरी फोन करायची वेळ

दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे. ही गणितं वर्षभर बदलत नाहीत. लंडन उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असतं. न्यू जर्सी उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तास मागे. कॅलिफोर्निया साडेबारा आणि साडेतेरा तास. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. त्या आठवड्यात ‘रोजच्या वेळेला फोन का आला नाही’ म्हणून घरी काळजी सुरू होण्याआधीच त्यांना सांगून ठेवा.

निघण्याआधीची यादी

एक आठवडा आधी: वर्षभराचं किंवा प्रवास संपेपर्यंत पुरेल एवढं रिचार्ज, आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू, कार्डावर परदेशी व्यवहार सुरू, ई-सिम बदलाचं काम असेल तर ते पूर्ण.

दोन दिवस आधी: प्रवासाचं ई-सिम फोनमध्ये उतरवलेलं, नकाशे ऑफलाइन जतन केलेले, महत्त्वाचे नंबर +९१ लावून जतन, कॉलिंग ॲप दोन्ही बाजूंना तपासलेलं.

विमानात बसताना: भारतीय सिमचा डेटा रोमिंग बंद, ॲपचे आपोआप होणारे अपडेट आणि फोटोंचा बॅकअप फक्त वाय-फायवर.

उतरल्यावर: आधी इंटरनेटच्या सिमचा डेटा सुरू करा, मग बँकेच्या ॲपमध्ये एक ओटीपी मागवून बघा. तो आला की भारतातला नंबर तिथेही चालतोय याची खात्री होते. मग घरी ‘पोहोचलो’ असं कळवा.